कुठं चावतो, मास्तर?

किसन,

आज सकाळी उठलो, खाटेवर बसूनच जोडे उचलले, उलटे करून झटकले, आत हात घालून टाचेपासून बोटांपर्यंत चाचपले आणि मगच पायांत घातले. उजव्यातून एक बटन निघालं. शर्टाचं, पांढरं. ते हातात घेऊन मी सवयीनं दुकानाचं दार उघडलं आणि रस्त्यापलीकडं बघून ओरडणार होतो, "हे पाह्य, आज बटन निघालं!" कडुलिंबाखाली तुझी पेटी नव्हती. मग मी ते सरस्वतीला दाखवलं. ती म्हणाली, "निघालं तं लावून टाका कोनाच्या सदऱ्याले." तुला सांगितलं असतं तर तू निदान अर्धा तास माझं डोकं खाल्लं असतंस. बायकोला ते जमत नाही.

तुला जाऊन बारा दिवस झाले. हेडमास्तर परवा म्हणाले, किसनबद्दल चार ओळी लिहून द्या, वाचनालयाच्या फळ्यावर लावू. मी लिहायला बसलो आणि पहिल्याच शब्दाला अडलो. तुझा जन्म कधीचा? पुराच्या सालचा का दुष्काळाच्या, यावर तुझं आणि तुझ्या आईचं शेवटपर्यंत एकमत झालं नव्हतं. तेव्हा तो नाद सोडला. फळ्यावरच्या चार ओळी हेडमास्तरांनीच लिहाव्यात, त्यांचं अक्षरही चांगलं आहे. मी हे तुलाच लिहितो आहे, म्हणजे मध्ये मध्ये भांडताही येईल.

लोकांना वाटतं आपण लंगोटीयार. खरं म्हणजे पहिली काही वर्षं आपण एकमेकांना नुसते दिसत होतो. माझं शिवणाचं दुकान कळंबच्या बाजाररस्त्याला, घराच्या पुढच्या खोलीत, आणि तुझी पेटी समोरच्या कडुलिंबाखाली. लढाईच्या काळात तू नागपूरला शिपायांचे बूट करायला शिकलास, हात सोन्याचा, पण आमच्या गावात बूट घालतो कोण? तुझ्याकडं यायचे ते चपलांचे तुटलेले अंगठे. छप्पन सालच्या दसऱ्याला तू वस्तीतल्या लोकांबरोबर नागपूरला गेलास, दीक्षा घेऊन आलास आणि परत त्याच झाडाखाली बसलास. वस्तीतले काही जण म्हणाले, आता हे चामड्याचं काम सोड. तू त्यांना म्हणालास, "ढोर ओढनं सोडलं ना? जोडे शिवनं कायले सोडू? ते माह्या हाताचं काम हाये." हे मला फार पुढं कळलं. त्या वेळी मला एवढंच दिसलं की तू आता मान वर करून बोलतोस, आणि खोटं कशाला सांगू, ते मला थोडं खुपलं होतं.

त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात मी तुटलेली वहाण हातात घेऊन रस्ता ओलांडून तुझ्याकडं आलो. तू वहाणेकडं पाहीना. माझ्या मागच्या रस्त्याकडं पाहत होतास.

"मास्तर, थांबा. मांगं पाहा."

मी मागं पाहिलं. माझ्या दुकानापासून तुझ्या झाडापर्यंत धुळीत एकेक लाल ठिपका पडला होता.

"कोणाची कोंबडी कापली रे?" मी विचारलं.

"तुमचीच. बसा अठी."

तू माझा पाय उचलून मांडीवर घेतलास. टाचेत मशीनची मोडकी सुई रुतली होती, आणि तिच्यावर मी सकाळपासून उभा होतो, पायानं मशीनचा पायटा मारत होतो, चहासुद्धा पिऊन आलो होतो. तू जंबुरानं सुई ओढलीस आणि सुईकडं न पाहता माझ्या तोंडाकडं पाहिलंस. मी साधा 'हाय' केला नव्हता.

"दुखलं नाई?"

"नाई बा."

"मास्तर, हे काई खरं नाई."

तुझ्या सांगण्यावरून मी यवतमाळच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी लघवी तपासली, डोळे मिटायला लावले आणि तळपायाला टाचणी टोचून विचारलं, कळतं का? मी म्हणालो, टोचा तर खरं. ते म्हणाले, टोचून झालं. मधुमेह होता. पायाच्या नसा बधिर झाल्या होत्या, त्या आता खबर देत नव्हत्या. डॉक्टरांनी साखर बंद केली, भात कमी केला आणि वर म्हणाले, अनवाणी एक पाऊल टाकू नका, अगदी घरातसुद्धा. आणि पायाला सोसेल असा मऊ, ऐसपैस जोडा शोधा. कुठं शोधायचा ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

यवतमाळच्या दुकानात मी जोडे घालून पाहिले. दुकानदार विचारायचा, कुठं चावतो? मी म्हणायचो, कुठंच नाही. तो खूश, मी खूश. घरी येऊन जोडा काढावा तर आत रक्त. ज्याचा पाय बधिर त्याला जगातला प्रत्येक जोडा अगदी मापाचा बसतो, ही गंमत मला तेव्हा कळली. मी माणूस मापाचा. गावातल्या निम्म्या लोकांच्या छात्या मला पाठ, आणि स्वतःच्या पायाला काय बसतं हे मात्र सांगता येईना.

ते आधी तुझ्या ध्यानात आलं. तूही पहिल्यांदा सवयीनं विचारलंस, "कुठं चावतो, मास्तर?" मी मान हलवली. मग तू म्हणालास, "तुमाले इचारून फायदा नाई. जोड्यालेच इचारा लागते." माझ्या टेबलावरचा कापडावर खुणा करायचा खडू तू मागून घेतलास, दगडावर कुटून त्याची भुकटी केलीस आणि जोड्याच्या आत सगळीकडं बोटानं लावलीस. "जा आता, बाजार फिरून या." मी मुकाट्यानं मिरचीच्या ओळीतून, बैलबाजारातून चक्कर मारून आलो. तू जोडा काढून उन्हाकडं धरलास. जिथं भुकटी पुसली गेली होती तिथं जोडा चावत होता. त्यानंतर तू माझ्या पायावरून उलटा हात फिरवलास, आई पोराचा ताप पाहते तसा. जिथं हाताला गरम लागलं तिथं फोड येणार. मला स्वतःला कधी कळलं नाही ते तुझ्या हाताला कळायचं.

किती जोडे बिघडवलेस रे! पहिल्या वहाणा अंगठ्याच्या. अंगठ्याच्या बेचक्यात जखम. शिवाय मागं पट्टा नाही, त्यामुळं पायातून निसटलेली कळायची नाही. एकदा मी एकाच वहाणेत दिमाखात पोस्टापर्यंत गेलो आणि तू दुसरी हातात धरून मागून येत होतास, वाटेतल्या सगळ्यांना दाखवत. मग तू शिपायाचे बूट केलेस. ते इतके जड की मशीनचा पायटा एका लाथेत पुढं धावायचा आणि दोऱ्याची गुंडी खाली. वर त्यांचा एक खिळा आत निघाला. मग ट्रकच्या टायरचे तळ. "हे तुमच्या नातवाले पुरतीन," तू म्हणालास. पुरले असते, पण वैशाखात असे तापले की त्यावर भाकरी भाजता आली असती. प्रत्येक बिघडलेला जोडा तू कडुलिंबाच्या फांदीला टांगायचास. येणारे जाणारे विचारायचे, हा कशाचा नवस? तू माझ्याकडं बोट दाखवायचास.

हसण्यावारी चाललं होतं तोवर ठीक होतं. एका थंडीत मी कोळशाची इस्त्री फुंकत होतो आणि तिच्यातून निखारा पायावर पडला. मी आपला गिऱ्हाइकाशी बोलतोय. वास आला तर मला वाटलं, कापड करपलं, म्हणून मी इस्त्री उचलून पँट पाहतोय! तू रस्त्यापलीकडून धावत आलास आणि हातानं निखारा उडवलास.

"अबे मास्तर, कापड कायले पाहतं? पाय जळून राह्यला ना तुहा!"

त्या दिवसापर्यंत तू मला 'तुम्ही' म्हणत होतास. निखाऱ्यानं ते 'तुम्ही' जाळलं आणि ते पुन्हा कधी परत आलं नाही. मला ते आवडलं होतं, हे तुला सांगायचं राहिलं.

धाकटं बोट गेलं. यवतमाळला कापावंच लागलं. डॉक्टर म्हणाले, या वेळी बोटावर भागलं, पुढची जखम झाली तर पाऊल जाईल. पाऊल गेलं की पायटा गेला, पायटा गेला की मशीन गेलं, आणि मशीनशिवाय मी काय करणार होतो? हातशिलाई करून संसार चालला नसता. मी खाटेवर पडून आढ्याकडं बघत बसायचो. तू रोज संध्याकाळी यायचास, ओट्यावर बसायचास आणि दारातून माझ्या पायाकडं बघत म्हणायचास, "घाबरू नोको. अजून तं मी हावो."

आता ती कपाची गोष्ट. ती सोडून देता आली असती, कारण तू ती कधी काढली नाहीस.

ओट्यावरच्या कोनाड्यात एक कानतुटका कप होता. तुझा. तू चहा प्यायचास, कप स्वतः धुवायचास आणि तिथंच पालथा ठेवायचास. गावात सगळीकडं तसंच होतं, म्हणून मला त्यात काही वाटलं नव्हतं. माझा पाय तुझ्या मांडीवर असायचा, पू भरलेलासुद्धा, आणि तुझा कप वेगळा असायचा. हे दोन्ही मी एकाच वेळी रोज पाहत होतो आणि मला काही दिसत नव्हतं. टाचेतली सुई कळली नाही ती नसा मेल्या म्हणून. हे कळलं नाही त्याला डॉक्टरांनी काही औषध दिलं नव्हतं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, घरातही अनवाणी नाही. सरस्वती हटून बसली. चुलीपाशी चामडं? देव्हाऱ्यासमोर जोडे? ती रडली, मी चिडलो. तू ओट्यावरून म्हणालास, "वहिनी, चामडं चालत नाई ना? राहू द्या. मास्तरनं गोधडी शिवावं, मी पायाले बांधून देतो. गोधडीवर बसून पूजा करता का नाई? मंग गोधडी पायाखाली आली तं देव कायले रागावते?" सरस्वती आत गेली आणि जुनी लुगडी घेऊन आली. मी त्यांचे थर लावून टाके घातले, तू माझ्या पायाभोवती ते कापून त्याला सायकलच्या ट्यूबचा तळ चिकटवलास. घरातले जोडे तयार झाले, आणि दिसायला ते दोन उशांसारखे होते.

पण तुला समाधान नव्हतं. हा घरात चालतो कुठून कुठं, चुलीपाशी जमीन कशी आहे, उंबऱ्याला खिळा वर आला आहे का, हे पाहिल्याशिवाय तळाची जाडी ठरत नाही, असं तू म्हणालास. बाहेरून वाकून पाहायला लागलास. सरस्वती दारात उभी होती. तिनं एकदा तुझ्याकडं पाहिलं, एकदा माझ्या पायाकडं.

"अंदर या ना किसनभाऊ," ती म्हणाली. "बाहेरून कसं दिसन?"

तू आत आलास, चुलीपर्यंत. गुडघ्यावर बसून तू सगळी जमीन हातानं चाचपलीस. उंबऱ्याचा खिळा ठोकून बसवलास. मग तिनं आपल्या दोघांना चहा दिला, एकाच जोडीचे दोन कप. जाताना तू ओट्यावरच्या कोनाड्याकडं पाहिलंस. तो रिकामा होता. तू हसलास आणि उड्या मारल्यासारखा पायऱ्या उतरून गेलास.

ते सरस्वतीनं केलं, किसन, मी नाही. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, वाचनालयाचा सभासद, पेपर वाचणारा, आणि मी नाही. नंतर मला कितीदा वाटलं, तुझ्याशी बोलावं. दर वेळी मी मनाशी म्हणायचो, जाऊ दे, तो विसरला असेल. असं कुणी विसरतं का? मला माफ कर. हे ओट्यावर तुझ्याशेजारी बसून म्हणायला हवं होतं, कागदावर नव्हे.

तुझ्या उशांसारख्या जोड्यांवरून देवळात भांडण मात्र झालंच. चिंतामणीचा गाभारा जमिनीखाली आहे; चतुर्थीला त्याच्या पायऱ्या मी ते घालून उतरलो. पुजारी खाली पाहून म्हणाले, हे काय? मी म्हणालो, गोधडी. ते विचारात पडले आणि तोवर माझं दर्शन झालं. तुला येऊन सांगितलं तर तू पोट धरून हसलास. मी म्हणालो, "तू तं देव सोडले, तुले काय समजते?" तू म्हणालास, "मी सोडले म्हनूनच तं तुह्या देवाची बाजू घेऊन राह्यलो. त्याले तुहा पाय पायजे का तुही जखम?" हा वाद आपण पुढं किती चतुर्थ्यांना घातला! तो अजून माझ्या अंगावर आहे, आणि उत्तर काल मला सुचलं. आता ते कुणाला सांगू?

बाहेरचे जोडे मात्र जमत नव्हते. साठ साल उलटून गेलं होतं. तुला कुणीतरी सांगितलं की वर्ध्याकडं महारोग्यांची एक वसाहत आहे, तिथल्या लोकांचेही पाय बधिर असतात आणि तिथं त्यांच्यासाठी वेगळे जोडे करतात. तू घरी तुझ्या बायकोला, गयावहिनीला सांगून एका सकाळी एस.टी.त बसलास आणि आठवडाभर आलाच नाहीस. आलास तो काखेत स्पंजाच्या रबराची गुंडाळी घेऊन, आणि तोंड असं फुललेलं की वाटलं तुला मुलगा झाला. "मास्तर! खिळा एक नाई! सगळी शिलाई! बोटाइले मैदानावानी जागा, अन् मांगून पट्टा!"

ते जोडे तू चार दिवसांत केलेस. गयावहिनीनं वरचे पट्टे शिवले, तिची शिलाई तुझ्याहून बारीक होती आणि तू ते कधी कबूल केलं नाहीस. मी खडूची भुकटी घालून बाजार फिरून आलो. तू जोडा उन्हाकडं धरलास. भुकटी कुठंही पुसली नव्हती, सगळीकडं सारखी दाबली गेली होती. तू उलटा हात माझ्या पायावरून फिरवलास. पाय थंड होता. मग तू उठून रस्त्याच्या मधोमध फुगडी घातल्यासारखा गिरकी घेतलीस. मी तुझ्यापेक्षा मोठा असून मला तिथं रडू आलं, आणि ते लपवायला मी म्हणालो, डावा जरा मोठा झाला आहे.

"डावा पायच मोठा हाये तुहा!"

"दोन्ही सारखे आहेत. मी टेपनं मोजले."

"टेपनं कापड मोज. पाय मी मोजतो."

हा वादही मिटलेला नाही. मी अजून म्हणतो, सारखे आहेत.

पण ते जोडे घालून मी गावात फिरू लागलो आणि कुणाच्या तरी लक्षात आलं की असे जोडे महारोग्यांच्या पायांत असतात. बोट तर गेलेलंच होतं. झालं! दोन आठवड्यांत माझ्या दुकानात माप द्यायला कुणी येईना. लग्नसराई तोंडावर. मी म्हणालो, किसन, हे जोडे राहू दे बाबा, जुन्या वहाणा घालतो. एवढं चिडलेलं मी तुला कधी पाहिलं नव्हतं. "पाय कापून घेशीन, पन लोकाइले भेशीन!" म्हणालास आणि माझ्याशी दिवसभर बोलला नाहीस.

दुसऱ्या दिवशी तुझ्या स्वतःच्या पायांत तसेच जोडे होते. गयावहिनीच्याही. मग हेडमास्तर त्यांचा बूट शिवायला आले. त्यांच्या तळपायाला कुरूप होतं, ते सगळ्या शाळेला ठाऊक. तू त्यांचा बूट ठेवून घेतलास आणि अगदी साळसूदपणे म्हणालास, "सर, तवर हे घाला." हेडमास्तर तुझे जोडे घालून शाळेत गेले आणि संध्याकाळी आले ते बूट मागायला नाही, तसाच आणखी एक जोड करून दे म्हणायला. हेडमास्तरांच्या पायांत जे आहे त्याला महारोग कोण म्हणणार? महिन्याभरात बाजारात कितीतरी पायांत तुझा रुंद जोडा दिसू लागला, आणि माझं दुकान पुन्हा भरलं. मला वाचवायला तू सगळ्या गावाला माझे जोडे घातलेस, ही गोष्ट आठवली की मला आजही एकट्याला हसू येतं.

त्यातूनच तो लग्नातला तमाशा झाला. हेडमास्तरांच्या मुलासाठी तू तसेच जोडे केलेस आणि मी त्यांना वरून लाल मखमल लावली. उरलेली मखमल तू माझ्या जोडावर लावलीस, लग्नापुरती. मांडवात नवरीच्या बहिणी नवरदेवाचे जोडे पळवतात हे ठाऊक असूनही आपल्या दोघांच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मी पंगतीत पाटावर बसलो, जोडे पाटाशेजारी काढून ठेवले. उठतो तर जोडे नाहीत. पोरींनी नवरदेवाचे समजून माझेच पळवले होते आणि नवरदेव आपले जोडे घालून मजेत हिंडत होता!

तू धावत आलास. "खाली पाय टेकवला तं पाहजो!" मी पाटावर मांडी घालून देवासारखा बसलो, पंगत उठली, दुसरी बसली, मी तिथंच. पोरी म्हणाल्या, जोडे पाहिजेत तर कुणीतरी नाव घ्या. नवरदेव लाजत होता. शेवटी तू भर मांडवात छाती काढून उभा राहिलास.

"कळंबच्या बाजारात लिंबाची छाया,
जोडे शिवतो मी अन् आरी धरते गया!"

मांडव खदखदून हसला. गयावहिनी पदरात तोंड लपवून पळाली. जोडे परत आले, तू ते माझ्या पायांत स्वतः घातलेस, आधी झटकून, आत हात फिरवून. घरी येताना तू मला शपथ घातलीस, "लगन असो, देऊळ असो, कोठीबी उघडा पाय टाकू नोको."

मी चेष्टेनं म्हणालो, "अन् तुह्या मयतीले?"

"माह्या मयतीले तं मुद्दाम घालून येजो. नाल्याकाठी बाभळीच बाभळी हायेत."

आपण दोघं हसलो. त्यानंतर कितीतरी वर्षं आपण हसत होतो.

बारा दिवसांपूर्वी तुझ्या दारात सगळ्यांनी चपला काढल्या. वंदना झाली, तिरडी उचलली. वस्तीतली माणसं अनवाणी, हेडमास्तर अनवाणी. मी खांदा द्यायला पुढं झालो, तो जोडे घालून. मागून कुजबुज ऐकू आली. कुणीतरी म्हणालं, "मास्तर, आज तरी काढा." माझे पाय थांबले. इतकी वर्षं मी तुझा वेगळा कप ओट्यावर ठेवला आणि आज तुझ्याच मयतीला माझ्यासाठी वेगळा नियम, असं मनात आलं आणि मी वाकून पट्टा सोडायला लागलो.

गयावहिनी दारात बसली होती. तिनं डोळे पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "काढू नका मास्तर. त्यानं सांगून ठेवलं हाये."

मी तसाच चाललो. वस्तीपासून नाल्यापर्यंत, बाभळीखालून, तुला खांद्यावर घेऊन. पायाखाली काय आलं ते मला कळलं नाही. मला कधीच कळत नाही. पण तू सोबत होतास.

परत आलो तेव्हा गयावहिनीनं पाण्याचा तांब्या पुढं केला. मी तुमच्या ओट्यावर बसलो. ती खाली बसली, माझ्या पायांतले जोडे तिनं काढले आणि उलटे धरले. डाव्या जोड्याच्या तळात बाभळीचा काटा घुसला होता, बोटाएवढा, टोक आत गेलेलं. ती जागेवरून उठली, तुझी पेटी उघडली, तुझं जंबूर घेतलं आणि काटा ओढून काढला. मग तिनं जोड्यात हात घातला आणि आतलं स्पंज सगळीकडून चाचपलं. नंतर उलटा हात माझ्या तळपायावरून हळूहळू फिरवला, अगदी तू फिरवायचास तसा. वहिनीला ते कधी शिकवलंस, तू मला सांगितलंही नाहीस.

"तळ झिजला हाये," ती म्हणाली. "पंधरा दिवसानं या. मी बसतो झाडाखाली."

काटा तिनं माझ्या हातात दिला. तो मी माझ्या सुयांच्या डबीत ठेवला आहे, टाचेतून काढलेल्या त्या मोडक्या सुईशेजारी. किसन, काटा आत पोचला नाही.